आपत्ती, जखम आणि मूलपेशींची ठेव

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त कमरीपेठ, हुबळी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या शताब्दीच्या व्यासपीठावर बहुधा साहित्य, इतिहास वा संगीत हे विषय मांडले जातात, आणि हुबळी-धारवाडच्या परिसरात ते स्वाभाविकही आहे. तथापि ग्रंथालयाचे कार्य केवळ रसिकता जोपासण्याचे नाही. जे ज्ञान तज्ज्ञांच्या बैठकीत इंग्रजीतून चर्चिले जाते, ते मातृभाषेतून सामान्य वाचकाच्या हाती पोहोचवणे हेही त्याचेच कार्य होय. आजचा विषय अशा ज्ञानापैकी आहे. भूकंप, आग, स्फोट, इमारत कोसळणे, विषारी वायूची अथवा किरणोत्साराची गळती अशा आपत्तींत माणूस जखमी झाला असता, मूलपेशींच्या साहाय्याने त्याला कितपत बरे करता येते, हा तो विषय.

आपत्ती नेहमी दूर कोठे तरी घडते, असा आपला समज असतो. हा समज खोटा ठरवणारे प्रसंग फार लांब शोधावे लागत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी व आसपासची गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली आणि दगडमातीच्या भिंतींखाली हजारो माणसे दगावली. १९ मार्च २०१९ रोजी धारवाडच्या कुमारेश्वरनगरात बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली आणि ढिगाऱ्याखालून माणसे काढण्याचे काम कित्येक दिवस चालले. डिसेंबर २०२४ मध्ये खुद्द हुबळीच्या उणकल भागात स्वयंपाकाच्या वायूने पेट घेतला आणि नऊ अय्यप्पाभक्त भाजले. ‘किम्स’ या नावाने परिचित असलेल्या रुग्णालयात उपचार होऊनही त्यांपैकी आठ जण वाचू शकले नाहीत.

अशा प्रसंगानंतर घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : विज्ञान इतके पुढे गेले आहे, तर यावर काहीच उपाय नाही काय? आणि या प्रश्नाबरोबरच ‘मूलपेशी’ हा शब्द कानावर येतो. कोणी सांगतो की मूलपेशींनी लुळे पाय चालू लागतात. कोणी म्हणतो की तो सगळा पैसे उकळण्याचा धंदा आहे. वस्तुस्थिती या दोहोंहून निराळी आहे. काही विशिष्ट जखमांत मूलपेशींनी माणसे खरोखर वाचवली आहेत व आंधळ्यांना दृष्टी दिली आहे. काही जखमांत मात्र अद्याप आशेपलीकडे हाती काही नाही. जेथे यश आले तेथे ते शिल्लक राहिलेल्या किंवा आधीच जपून ठेवलेल्या ठेवीच्या बळावर आले. ही ठेव कोणती, ती कोठे असते आणि ती कोणी जपावयाची, हे पाहणे आवश्यक आहे.

प्रथम मूलपेशी म्हणजे काय ते पाहू. ग्रंथालयाच्या सभासदांना एक दाखला सहज पटेल. एखाद्या दुर्मीळ पोथीची मूळ प्रत ग्रंथपाल कोणास घरी नेऊ देत नाही. ती कपाटात कुलूपबंद असते आणि तिच्यावरून काढलेल्या नकला वाचकांत फिरतात. नकला फाटतात, हरवतात. पण मूळ प्रत शाबूत असेतोवर नवी नक्कल काढता येते. शरीराची व्यवस्था बरीचशी अशीच आहे. रक्तातील तांबड्या पेशी सुमारे चार महिने जगतात, त्वचेचा वरचा थर साधारण महिन्याभरात झडून नवा होतो. ही झीज भरून निघते ती काही थोड्या राखीव पेशींमुळे. त्या स्वतःसारख्या पेशी निर्माण करून आपला साठा कायम ठेवतात आणि शिवाय कामकरी पेशींना जन्म देतात. अस्थिमज्जेत, त्वचेच्या तळाशी, केसांच्या मुळाशी, डोळ्याच्या बुबुळाच्या कडेशी अशा ठरावीक जागी त्यांचे वास्तव्य असते. इंग्रजीत ज्यांना ‘स्टेम सेल’ म्हणतात त्या याच मूलपेशी. जखम मोठी की लहान, यापेक्षा जखमेत ही मूळ प्रत जळाली की वाचली, यावर पुष्कळ वेळा रोग्याचे भवितव्य ठरते.

या पेशींचे ज्ञान मानवाला झाले तेच मुळी एका महाभयंकर आपत्तीच्या छायेत. १९४५ साली हिरोशिमा व नागासाकी येथे अणुबाँब पडले. स्फोटातून व भाजण्यातून जे वाचले त्यांपैकी अनेक जण काही आठवड्यांनी रक्तस्राव व जंतुसंसर्ग यांनी मरण पावले. किरणोत्साराने त्यांची अस्थिमज्जा नष्ट केली होती. यावर उपाय शोधण्यासाठी संशोधन सुरू झाले. १९४९ मध्ये अमेरिकेत लिऑन जेकबसन यांनी दाखवले की उंदराची प्लीहा शिशाच्या आवरणाने झाकली, तर मारक किरणांतूनही तो उंदीर वाचतो. म्हणजे शरीराच्या एका कोपऱ्यात वाचलेला अल्पसा साठा साऱ्या शरीराचे रक्त पुन्हा उभे करू शकत होता. पुढे १९६१ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे जेम्स टिल व अर्नेस्ट मॅककलक यांनी किरणांनी मज्जा नष्ट केलेल्या उंदरांना दुसऱ्या उंदरांची मज्जा टोचली. तेव्हा प्लीहेवर लहान लहान गाठी उमटल्या, आणि प्रत्येक गाठ एकाच पेशीपासून वाढली असल्याचे त्यांच्या पुढील कामातून सिद्ध झाले. रक्ताच्या मूलपेशींचा हा पहिला भक्कम पुरावा होय.

माणसांवर हा उपाय करण्याची वेळही अपघातानेच आली. ऑक्टोबर १९५८ मध्ये युगोस्लाव्हियातील विंचा येथील अणुभट्टीत सहा जणांना किरणोत्साराची मोठी मात्रा बसली. त्यांना पॅरिसला हलवण्यात आले आणि जॉर्ज माते यांनी त्यांपैकी पाच जणांना फ्रेंच दात्यांची मज्जा दिली. सहापैकी एक दगावला, पाच वाचले. परक्याची ती मज्जा कायमची रुजली नाही. परंतु रोग्यांची स्वतःची मज्जा सावरेपर्यंतचा काळ निभावला गेला.

यावरून अशी समजूत होण्याचा संभव होता की किरणोत्सारावर आता रामबाण उपाय सापडला. चेर्नोबिलने ती दूर केली. २६ एप्रिल १९८६ च्या त्या अपघातात १३४ जणांना किरणोत्साराचा तीव्र विकार जडला आणि त्यांपैकी २८ जण त्याच वर्षी मरण पावले. १३ जणांवर मज्जारोपण झाले, पण त्यांतले बहुतेक वाचले नाहीत. कारण त्यांची त्वचा, आतडी व फुप्फुसेही होरपळली होती. १९९९ मध्ये जपानमधील तोकाइमुरा येथील अपघातातही तोच अनुभव आला. एका कामगाराला त्याच्या बहिणीच्या रक्तातील मूलपेशी दिल्या, त्या रुजल्याही. परंतु इतर इंद्रिये एकामागून एक निकामी होत गेली आणि ८३ दिवसांनी त्याचा अंत झाला. रक्ताच्या मूलपेशी रक्त देतात, आतडे देत नाहीत, हा धडा त्यातून मिळाला.

२०११ मध्ये फुकुशिमाच्या दुर्घटनेनंतर जपानमधील काही डॉक्टरांनी सुचवले की भट्टीवर कामास जाणाऱ्या कामगारांच्या स्वतःच्या मूलपेशी आधीच काढून गोठवून ठेवाव्यात. सरकारी यंत्रणेला त्याची आवश्यकता वाटली नाही आणि सूचना मागे पडली. तीवर मतभेद असू शकतील; पण ठेव संकटापूर्वी करावी लागते, हे तिच्यातील तत्त्व खोटे नाही. हुबळीपासून कैगा अणुवीज केंद्र हवाई अंतराने सुमारे १०० किलोमीटरवर आहे, हे ध्यानात घेता ही चर्चा केवळ परदेशची म्हणून सोडून देता येत नाही. भीती बाळगण्याचे काही कारण नाही. परंतु माहिती मात्र असावी.

भारतात मज्जारोपणाची सुरुवात १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केली. आज रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया, मज्जा निकामी होणे अशा विकारांत हा मान्यताप्राप्त उपचार आहे, आणि किरणोत्साराच्या आपत्तीत मज्जारोपणाची गरज पडली तर हीच केंद्रे व हेच दाते उपयोगी पडणार आहेत. या ठिकाणी एक गोष्ट विशेष लक्ष देण्याजोगी आहे. मज्जा देताना दाता व रोगी यांच्या पेशींवरील खुणा जुळाव्या लागतात. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळणी होण्याचा संभव चारात एक एवढाच असतो. घरात दाता न मिळाल्यास बाहेर शोधावा लागतो, आणि तो बहुधा आपल्याच पूर्वजपरंपरेच्या लोकांत सापडतो. पिढ्यान् पिढ्या आपसांतच सोयरीक करणाऱ्या लहान समाजांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. कमरीपेठेसारख्या वस्तीत, जेथे मूळ गाव सोडून कित्येक पिढ्यांपूर्वी आलेली घराणी राहतात, तेथील तरुणांची नावे दात्यांच्या नोंदवहीत नसतील तर त्यांच्याच आप्ताला दाता मिळणे दुर्घट होईल. ही नोंद करावयास गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने घेतलेला नमुना पुरतो. पुढे प्रत्यक्ष दानाची वेळ आली, तर बहुतेक वेळा मूलपेशी दंडातील शिरेच्या रक्तातूनच वेगळ्या काढता येतात.

आता त्वचेकडे वळू. कारण आपल्याकडील आपत्तींत किरणोत्सारापेक्षा आगीचा वाटा कितीतरी मोठा आहे. त्वचा हे शरीराचे वस्त्र आहे, आणि या पेठेतील ज्या घराण्यांच्या पूर्वजांनी रेशमाचे वस्त्र विणले, त्यांना हे निराळे सांगावयास नको की वस्त्राचा ताणाच जळाला तर नुसत्या रफूने भागत नाही. भाजणे वरवरचे असेल तर केसांच्या मुळाशी दडलेल्या मूलपेशी वाचतात, त्यांच्यापासून नवी त्वचा चहूकडे पसरते आणि जखम आपोआप भरते. भाजणे खोल असेल तर केसांची मुळेही जळतात. मग त्वचा फक्त जखमेच्या कडेकडून सरकू शकते. शरीराचा मोठा भाग असा उघडा पडला की पाणी व क्षार झिरपून जातात, जंतू आत शिरतात आणि रोगी बहुधा यामुळेच दगावतो. शस्त्रवैद्य रोग्याच्याच मांडीची पातळ त्वचा काढून लावतात. पण अंगाचा नव्वद टक्के भाग भाजला असेल, तर काढावयाची तरी कोठून?

या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेत हॉवर्ड ग्रीन यांनी शोधले. १९७५ मध्ये त्यांनी व जेम्स राइनवाल्ड यांनी माणसाच्या त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत काचपात्रात वाढवण्याची रीत प्रसिद्ध केली. १९८३ मध्ये वायोमिंग राज्यातील दोन लहान भाऊ जवळजवळ संपूर्ण भाजले. त्यांच्या काखेतील वाचलेल्या त्वचेचे इवलेसे तुकडे घेऊन त्यांपासून त्वचेचे थर वाढवले गेले, शरीराच्या सुमारे अर्ध्या भागावर ते लावले गेले आणि दोन्ही मुले वाचली. एवढ्याशा तुकड्यापासून एवढे वस्त्र कसे निर्माण झाले, याचा उलगडा पुढे झाला. इटलीतील मिकेले दे लुका व त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीतील बोखुम येथे २०१५ मध्ये त्वचेच्या आनुवंशिक विकाराने पीडित अशा सात वर्षांच्या एका सीरियन निर्वासित मुलाची सुमारे ८० टक्के बाह्यत्वचा अशा रीतीने बदलली. काही महिन्यांनी तपासले असता असे आढळले की ती संपूर्ण नवी त्वचा थोड्याशा दीर्घायुषी मूलपेशींच्या आधारावर टिकून होती. बाकीच्या पेशी आपले काम संपवून झडून गेल्या होत्या.

सामूहिक आपत्तीत या उपायाची कसोटी तैवानमध्ये लागली. २७ जून २०१५ रोजी तेथील एका जलक्रीडा उद्यानात करमणुकीसाठी उधळलेल्या रंगीत पिठाच्या पुडीचा भडका उडाला आणि सुमारे ५०० तरुण भाजले. त्यांपैकी १५ दगावले. काही रोग्यांना त्यांच्याच पेशींपासून जपानमध्ये वाढवलेली त्वचा लावण्यात आली. परंतु अशी त्वचा तयार होण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. हे तीन आठवडे रोग्याला जगवावयाचे कसे? उघड्या जखमांवर मृत दात्यांची त्वचा तात्पुरती झाकण म्हणून घालावी लागते, आणि तैवानला ती परदेशांतून मागवावी लागली.

याच संदर्भात जपानमधील आणखी एक घटना सांगण्यासारखी आहे. १८ जुलै २०१९ रोजी क्योतो येथील चित्रपटनिर्मितीच्या एका इमारतीस एका माणसाने आग लावली आणि ३६ निरपराध कलावंत व कर्मचारी मृत्युमुखी पडले. आग लावणारा स्वतः ९३ टक्के भाजला. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. उएदा ताकाहिरो यांच्यापुढे पेच होता. दात्यांच्या त्वचेचा साठा मोजका, आणि त्या त्वचेवर पहिला हक्क आगीत पोळलेल्या निरपराधांचा. त्यांनी ती त्वचा वापरली नाही. कृत्रिम अंतस्त्वचेने जखमा झाकून, त्याच्या शरीरावर उरलेल्या काही चौरस सेंटिमीटर त्वचेतून नवी त्वचा वाढवून त्यांनी त्याला जगवले, जेणेकरून तो न्यायालयासमोर उभा राहावा. तो उभा राहिला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याला शिक्षाही झाली. मूलपेशींचे सामर्थ्य या घटनेत दिसतेच. परंतु त्वचापेढीत साठा अपुरा असला म्हणजे डॉक्टराला कोणत्या निवडी कराव्या लागतात, तेही दिसते.

आपल्याकडे प्रयोगशाळेत वाढवलेली त्वचा फार थोड्या रोग्यांच्या आवाक्यात आहे. यास्तव मृत दात्यांच्या त्वचेचे महत्त्व अधिकच वाढते. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांच्या पुढाकाराने २००० साली त्वचापेढी सुरू झाली. ऐरोली येथील नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये २००९ पासून अशी पेढी आहे, आणि आपल्या शेजारी बेळगावच्या केएलई रुग्णालयातही तिची सोय झाली आहे. नेत्रदानाची कल्पना समाजात रुजली. त्वचादानाची मात्र अद्याप नाही. ते दान मृत्यूनंतर सहा तासांच्या आत करावयाचे असते. दाता अठरा वर्षांवरील असावा. काविळीचे काही प्रकार, एड्स, त्वचेचा कर्करोग वा संसर्ग असल्यास त्वचा घेत नाहीत. रक्तगट जुळावा लागत नाही. मांड्या व पाठ यांवरील केवळ वरचा पातळ थर काढला जातो, त्यास पाऊण तासाच्या आसपास वेळ लागतो, रक्त वाहत नाही आणि देहाला विद्रूपता येत नाही. ग्लिसरीनमध्ये ठेवलेली ही त्वचा पाच वर्षांपर्यंत टिकते. म्हणजे आज दिलेली त्वचा उद्या घडणाऱ्या, कोणाच्या ध्यानीमनी नसलेल्या आपत्तीसाठी तयार असते.

तिसरे क्षेत्र डोळ्याचे. बुबुळावरील काचेसारख्या पडद्यास पारपटल म्हणतात. पारपटल आणि डोळ्याचा पांढरा भाग यांच्या सीमेवर मूलपेशींची एक अरुंद पट्टी असते. ती पारपटलाचे आवरण सतत नवे करते आणि पांढऱ्या भागातील रक्तवाहिन्यांना आत येऊ देत नाही. आम्ल, अल्कली वा कारखान्यातील रसायने डोळ्यात उडाली की ही पट्टी जळते, रक्तवाहिन्या आत शिरतात, पारपटल गढूळ होते आणि माणूस आंधळा होतो. अशा डोळ्यात दुसऱ्याचे पारपटल बसवले तरी टिकत नाही, कारण त्याला जगवणारी पट्टीच उरलेली नसते. आपल्या भागात याचे एक नित्याचे कारण घरोघरी आहे. पानतंबाखूबरोबर वापरल्या जाणाऱ्या चुन्याची पुडी किंवा नळी मुलांच्या हाती लागते, दाबताच फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. वर्तमानपत्रात त्याची बातमी येत नाही. पण त्या घरापुरती ती आपत्तीच असते.

या दुखापतीवरील मूलपेशींचे उपचार जगात सर्वांत यशस्वी ठरलेल्या उपचारांपैकी आहेत. १९९७ मध्ये इटलीत ग्रात्सिएला पेलेग्रिनी व दे लुका यांनी रोग्याच्या चांगल्या डोळ्यातील पट्टीचा कण घेऊन, तो प्रयोगशाळेत वाढवून, जळालेल्या डोळ्यावर बसवला. २०१५ मध्ये युरोपात या उपचारास औषध म्हणून मान्यता मिळाली. पण त्याचा खर्च सामान्य माणसाच्या शक्तीबाहेरचा. येथे भारताने मोलाची भर घातली. हुबळीहून रात्रभराच्या प्रवासावर असलेल्या हैदराबादेतील एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डॉ. वीरेंद्र सांगवान व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एक सोपी रीत प्रसिद्ध केली. चांगल्या डोळ्यातून दोन मिलिमीटर लांबीरुंदीचा कण घ्यावयाचा, त्याचे आठ-दहा बारीक तुकडे करावयाचे, आणि बाळंतपणात वारेबरोबर येणारे गर्भाचे पातळ आवरण जखमी डोळ्यावर पसरून त्यावर ते तुकडे चिकटवावयाचे. प्रयोगशाळेची गरज नाही. पेशी डोळ्यावरच वाढतात. १२५ रोग्यांचा आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ७६ टक्के डोळ्यांत हा उपाय यशस्वी ठरल्याचे दिसून आले. मात्र या रीतीस निदान एक तरी डोळा निरोगी असावा लागतो. ठेव येथेही शिल्लक असावीच लागते.

आता ज्या क्षेत्रात आशा सर्वांत मोठी व पुरावा सर्वांत तोकडा आहे, त्याविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. किल्लारीसारख्या भूकंपात वा इमारत कोसळल्यावर पाठीचा कणा मोडून मज्जारज्जू तुटतो आणि कमरेखालचे शरीर लुळे पडते. रक्त, त्वचा आणि पारपटल ही ऊतके मुळातच आयुष्यभर स्वतःला नवी करणारी आहेत. मज्जारज्जू तसा नाही. त्यातील तंतू लांबवर जाऊन नेमक्या ठिकाणी जोडलेले असतात आणि जखमेच्या जागी व्रणाची भिंत उभी राहते. तेथे नुसत्या पेशी सोडल्याने तुटलेले संदेशवहन पुन्हा जुळत नाही. जपानने २०१८ मध्ये रोग्याच्या मज्जेतील पेशी वापरणाऱ्या एका उपचारास मुदतबंद, सशर्त परवाना दिला. तोही १३ रोग्यांच्या अनुभवावर आणि तुलनेसाठी दुसरा गट न ठेवता. जगातील अनेक शास्त्रज्ञांनी त्यावर टीका केली. भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडात ज्यांची फुप्फुसे कायमची दुबळी झाली, त्यांच्यासाठीही मूलपेशींचा सिद्ध झालेला उपाय नाही.

असे असताना मज्जारज्जूच्या रोग्यांना लाखो रुपये घेऊन ‘मूलपेशींची इंजेक्शने’ देणारे दवाखाने देशात निघाले. घरातील कर्ता मुलगा अंथरुणास खिळला म्हणजे आईबाप शेत विकतात, दागिने मोडतात. आपत्तीने एकदा लुटलेल्या कुटुंबाची ही दुसरी लूट असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत निःसंदिग्धपणे म्हटले आहे की रक्ताच्या ठरावीक विकारांतील मज्जारोपण व तत्सम मान्य उपचार वगळता मूलपेशींचा वापर केवळ परवानगी घेतलेल्या वैद्यकीय चाचणीतच व्हावा. यास्तव असा उपचार कोणी सुचवला तर कुटुंबाने तीन प्रश्न विचारावेत. ही नोंदलेली चाचणी आहे काय आणि तिचा नोंदणी क्रमांक कोणता? रुग्णालयाच्या नीतिसमितीची संमती आहे काय? आणि रोग्याकडून पैसे का घेतले जात आहेत? खऱ्या चाचणीत प्रयोगाधीन उपचाराचे मोल रोग्याकडून घ्यावयाचे नसते. नवजात बालकाच्या नाळेतील रक्त ‘कुटुंबाचा विमा’ म्हणून साठवण्याच्या जाहिरातींसही हेच लागू आहे. स्वतःच्याच भावी उपयोगासाठी ते खासगी पेढीत ठेवण्याची शिफारस ही परिषद करीत नाही.

याचा अर्थ कणा मोडलेल्या माणसासाठी काही करता येत नाही असा मुळीच नाही. ढिगाऱ्यातून काढताना त्याला हातपाय धरून न उचलता फळीवर सरळ ठेवणे, वेळीच कण्यास आधार देणारी शस्त्रक्रिया, शय्याव्रण होऊ न देणे, मूत्राशयाची काळजी आणि चाकाच्या खुर्चीवरचे स्वावलंबन यांनी आयुष्य वाढते व सुसह्य होते. पुण्याजवळ खडकी येथील पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये युद्धात व अपघातांत कंबर मोडलेले जवान कामधंदा व खेळ करीत राहतात. इंजेक्शनासाठी विकलेल्या शेताच्या किमतीत अशी शुश्रूषा कित्येक वर्षे होऊ शकली असती.

सारांश, मूलपेशींचा उपचार रुग्णालयाच्या फार आधी सुरू होतो. भाजलेल्या अंगावर ताबडतोब वीस मिनिटे साधे वाहते पाणी घातले तर उष्णता खोल जाण्याचे थांबते आणि केसांच्या मुळाशी असलेल्या मूलपेशी वाचू शकतात. हळद, शाई वा दंतमंजन लावण्यात ती मोलाची मिनिटे जातात. डोळ्यात चुना गेला तर पापण्या उलटून, चुन्याचे कण काढीत, अर्धा तास स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि मगच दवाखान्याकडे धाव घ्यावी; सीमेवरची ती पट्टी वाचवण्याची संधी तेवढीच असते. एवढे काम घरातील घागरीने होते, त्यासाठी कोणत्याही संशोधनाची वाट पाहावी लागत नाही.

उरलेले काम समाजाने करावयाचे आहे. तरुणांनी मज्जादात्यांच्या नोंदवहीत नाव घालावे. वडीलधाऱ्यांनी नेत्रदानाबरोबर त्वचादानाची इच्छा घरच्यांना आजच सांगून ठेवावी, कारण सहा तासांच्या मुदतीत निर्णय शोकाकुल घरच्यांनाच घ्यावयाचा असतो. आणि ग्रंथालयाने या दोन्हींची माहितीपत्रके, जवळच्या त्वचापेढीचा व दात्यांच्या नोंदणीचा दूरध्वनी यांसह, मराठीतून व कन्नडमधून आपल्या सूचनाफलकावर कायम लावून ठेवावीत. शंभर वर्षे वर्गणीदारांनी पुस्तके जपली ती पुढे कोण वाचणार हे ठाऊक नसताना. ज्या रोग्याचे नाव आज कोणालाच माहीत नाही त्याच्यासाठीही तशीच ठेव करता येते, आणि शताब्दी वर्षातील संकल्प म्हणून सभासदांनी ती मनावर घ्यावी, एवढीच विनंती.